अधिकारी साक्षीत इतकं मोजूनमापून का बोलतात?

प्रश्न असा आहे: राजकीय प्रकरणाची चौकशी लागली की सचिव, पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी अशी मंडळी शपथेवर साक्षीला येतात आणि "फाईल पाहून सांगतो", "तो माझ्या अखत्यारीतला विषय नव्हता", "आता आठवत नाही" यापलीकडे फारसं बोलत नाहीत. एरवी आढावा बैठकीत आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाची आठवण नेमकी तिथेच का जाते? ही लपवालपवी आहे की आणखी काही?

काही वेळा लपवालपवीच असते. हे आधी कबूल केलेलं बरं, कारण मी वकील आहे आणि चौकशी आयोगांपुढे अधिकाऱ्यांच्या बाजूने उभं राहण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. माझं म्हणणं त्या हिशेबानेच घ्या. सराईत खोटारडेही भेटले मला. पण कमी बोलणाऱ्यांत ते क्वचितच सापडले. खोटं बोलणारा भरभरून बोलतो, न विचारता तारखा देतो, हवामानसुद्धा सांगतो. कमी बोलणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टीला भ्यायलेला असतो. समोर न्यायमूर्ती बसलेले असतात, पण तो बोलत असतो कोपऱ्यातल्या लघुलेखकाकडे बघून. त्या लघुलेखकाने टाईप केलेलं पान पुढे कोणाकोणाच्या टेबलावर जाणार, किती वर्षांनी जाणार आणि त्या दिवशी मुख्यमंत्री कोण असणार, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं.

श्रीकृष्ण आयोगाचंच बघा. मुंबईच्या दंगलींच्या चौकशीसाठी जानेवारी १९९३ मध्ये तो नेमला तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. जानेवारी १९९६ मध्ये त्या सरकारने आयोग गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा उभा केला आणि मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्याच्या कार्यकक्षेत घातले. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात आला आणि सरकारने त्यातले निष्कर्ष नाकारले. आता त्या आयोगापुढे आलेला एखादा मधल्या फळीतला पोलीस अधिकारी डोळ्यांसमोर आणा. बंदोबस्त केला एका सरकारच्या काळात, साक्षीला उभा राहिला दुसऱ्याच्या काळात. ज्यांच्याबद्दल प्रश्न विचारले जात होते त्यांच्याच पक्षाच्या मंत्र्याकडे त्याच्या बदलीची फाईल जाणार होती. मध्येच आयोग बंद पडला तेव्हा दिलेल्या साक्षीचं काय होणार, हेही कोणी सांगेना. अशा माणसाने मनमोकळं बोलावं ही अपेक्षा चांगली आहे, पण ती आपण स्वतःकडून केली असती का?

यावर कायदा शिकलेली मुलं मला कलम ६ दाखवतात. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ चं कलम ६ सांगतं की, आयोगापुढे साक्षीत केलेलं विधान साक्षीदाराविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी कामात वापरता येणार नाही. अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. आणि हे संरक्षण कागदावरचं नाही. इंदिरा गांधी हत्या खटल्यात, केहरसिंग प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, त्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगापुढे दिलेला जबाब साक्षीदाराला खोडून काढण्यासाठीसुद्धा फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही. मग भीती कसली?

भीती अशी की हे संरक्षण जबाबाला आहे, त्यातून जो धागा हाती लागतो त्याला नाही. साक्षीदार म्हणाला, "त्या संध्याकाळी मी मंत्र्यांच्या बंगल्यावर गेलो होतो." हे वाक्य कोर्टात चालणार नाही. पण तपास यंत्रणेचा माणूस मागच्या बाकावर बसून ते ऐकतो, दुसऱ्या दिवशी बंगल्यावरची अभ्यागतांची नोंदवही मागवतो, ड्रायव्हरला बोलावतो, मोबाईलवरच्या कॉलच्या नोंदी (सीडीआर) काढतो. आता पुरावा स्वतंत्र झाला, कलम ६ चा त्याच्याशी संबंध उरला नाही. शिवाय त्या कलमाला एक अट आहे: विधान आयोगाने विचारलेल्या, उत्तर देणं भाग असलेल्या प्रश्नाला दिलेलं हवं किंवा चौकशीच्या विषयाशी संबंधित तरी हवं. न विचारता विषयाबाहेरचं भाषण ठोकणाऱ्याला ते वाचवत नाही. आणि खाते चौकशी, म्हणजे सरकारने आपल्याच अधिकाऱ्यावर लावलेली शिस्तभंगाची चौकशी, या "दिवाणी किंवा फौजदारी" कामात बसते का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. ज्या मुद्द्यावर मी स्वतः दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, त्याच्या भरवशावर मी अशिलाला पिंजऱ्यात तोंड उघडू देत नाही.

खाते चौकशी हा शब्द बाहेरच्या लोकांना किरकोळ वाटतो. अधिकाऱ्याला तो तुरुंगापेक्षा जवळचा वाटतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ बहुतेकांना पाठ असतो. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर पेन्शन पूर्ण किंवा अंशतः रोखता येतं. निवृत्तीनंतरही चौकशी लावता येते, फक्त घटना चार वर्षांच्या आतली हवी. चौकशी प्रलंबित असताना निवृत्त झालात तर तात्पुरतं पेन्शन मिळतं, पण ग्रॅच्युइटी निकाल लागेपर्यंत अडकते. मुलीचं लग्न, डोंबिवलीतल्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता, सगळं त्या ग्रॅच्युइटीवर ठरलेलं असतं. आयोगात फोटोग्राफर गर्दी करून असतात, देशाचं लक्ष असतं आणि पिंजऱ्यातला माणूस मनात चार वर्षं मोजत असतो. मला हे हास्यास्पद कधीच वाटलं नाही.

तरी या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि तिला मंत्रालयात "तोंडी" म्हणतात. सरकारी माणसाच्या लेखी जग दोन प्रकारचं: नस्तीवर, म्हणजे फाईलवर, आहे ते आणि नस्तीवर नाही ते. राजकीय चौकशी नेहमी दुसऱ्या प्रकाराबद्दल असते आणि साक्षीदाराला बोलता येतं फक्त पहिल्याबद्दल.

याचा पहिला मोठा धडा देशाला मुंबईतच मिळाला, मुंदडा प्रकरणात. १९५७ च्या जूनमध्ये नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीला विचारलंच नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे बाहेर काढलं. नेहरूंच्या जावयाने नेहरूंच्या सरकारला धारेवर धरलं. चौकशीला नेमले गेले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्यांनी कामकाज खुलं ठेवलं. लोक एवढे लोटले की आत जागा पुरेना आणि बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. चोवीस दिवसांत काम संपलं. हल्लीचे आयोग तेवढ्या वेळात टेबलखुर्च्याही मिळवत नाहीत.

पिंजऱ्यात कोण आलं ते पाहा. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी. अर्थसचिव एच. एम. पटेल, इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेतले (आयसीएस), फाळणीच्या वेळी दोन देशांच्या मालमत्तेची वाटणी करण्याच्या कामात आघाडीवर असलेला माणूस. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार. महामंडळाचे अध्यक्ष कामत, व्यवस्थापकीय संचालक वैद्यनाथन. सगळा प्रश्न येऊन थांबला एका संभाषणावर: सचिवाने मंत्र्याला सांगितलं होतं का, आणि मंत्री "हो" म्हणाले होते का? सचिवाचं म्हणणं, त्यांची संमती होती. मंत्र्याचं म्हणणं, मी संमती दिलेली नाही. कागद एकही नाही. दोन शहाणी, अनुभवी माणसं भर सभेत शपथेवर एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली आणि लाऊडस्पीकरवरून ते रस्त्यात ऐकू आलं.

छागलांनी निष्कर्ष काढला की, सचिवाच्या कृतीला मंत्री घटनात्मकदृष्ट्या जबाबदार आहे. "मला माहीत नव्हतं" म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. राज्यशास्त्राच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. अधिकाऱ्यांच्या दुनियेत ती इथून सुरू होते, कारण पुढे विव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ बसलं ते अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करायला. मंत्र्याचं प्रकरण राजीनाम्यावर मिटलं, अधिकाऱ्यांना दुसऱ्यांदा उभं राहावं लागलं. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. पटेलांची सेवा त्या प्रकरणात संपली. १९७७ मध्ये जनता सरकारात तेच अर्थमंत्री होऊन त्या खोलीत परतले, पण ते राजकारणी म्हणून. मला शिकवणारे जुने वकील ही दोन सालं सांगायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत.

तोंडी आदेश लेखी करून घ्यावेत, हे नियमात आहेच. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी दिला तर लगेच लेखी पुष्टी घ्यावी असं म्हटलं आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर अधिकारी शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने सांगितलं की, तोंडी आदेशांवर काम करू नका, त्यांची नोंद ठेवा. मुंदडा प्रकरणाला तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. व्यवहारात काय होतं? मंत्र्याच्या दालनातून बाहेर आलेला उपसचिव पुष्टीचं पत्र पाठवत नाही. पाठवलं तर पुढच्या बैठकीला त्याला बोलावणं येत नाही. तो नस्तीवर एक शब्द लिहितो: "चर्चेनुसार".

या शब्दावर मी माझ्या आयुष्यातले किती तास घालवले असतील! "चर्चेनुसार फेरसादर." कोणाशी चर्चा, कधी, काय ठरलं, काही नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण नोंद ठेवली. वाचणाऱ्याला वाटतं याने काहीतरी लपवलं. दोघांचंही बरोबर असतं.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. जमिनीच्या एका प्रकरणात माझा अशील अवर सचिव होता, निवृत्तीला सात महिने उरलेले. टिपणी भागात त्याच्या हिरव्या शाईत तोच शब्द: "मा. मंत्री महोदयांशी झालेल्या चर्चेनुसार प्रस्ताव फेरसादर." आधीच्या पानावर त्याचाच शेरा होता, प्रस्ताव नियमात बसत नाही. म्हणजे चर्चेच्या आधी नाही आणि चर्चेनंतर हो. माझ्या ऑफिसात त्याने मला सगळं सांगितलं. कोण कोण होतं, कोण कुठे बसलं होतं, मंत्री पोहे खात होते आणि बोलताना त्यांनी चमचा त्याच्या दिशेने रोखला होता. मी म्हटलं, जे स्वतः ऐकलंत ते तेवढंच सांगा, अंदाज करू नका, दुसऱ्याच्या मनातलं बोलू नका. मान हलवून गेला.

पिंजऱ्यात आयोगाच्या वकिलांनी विचारलं, "ही चर्चा कुठे झाली?" तो म्हणाला, "आठवत नाही." "कोण उपस्थित होतं?" "आठवत नाही." मी वहीत मान खाली घातली. आयोगाच्या वकिलांनी शांतपणे एक लॉगबुक पुढे सरकवलं. सरकारी गाडीचं, त्याच्याच विभागाच्या. त्या तारखेला "मंत्रालय ते शासकीय निवासस्थान व परत", किलोमीटर, वेळ आणि खाली प्रवास करणाऱ्याची सही. सही त्याची. "ही सही तुमची?" "हो." "मग आता आठवतंय?" साहेब घामाघूम झाले. त्यानंतर दीड तास त्याने जे खरं सांगितलं, त्यातल्या एकाही शब्दावर कोणाचा विश्वास बसला नाही. अहवालात त्याच्याबद्दल एक वाक्य आलं, साक्षीदार मोकळेपणाने बोलत नव्हता. ग्रॅच्युइटी अडकायला तेवढं पुरलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, असं का केलंत? तो म्हणाला, "पोह्यांचं सांगितलं असतं तर उद्या पेपरात तेवढंच आलं असतं. त्यांच्या लोकांनी मला जगू दिलं असतं का? आणि साहेब, ते चमचा रोखून जे बोलले ते मी शपथेवर सांगितलं आणि बाकी चौघं म्हणाले असं काही झालंच नाही, तर खोटी साक्ष कोणाची?" खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाच जणांच्या खोलीत चौघे एका बाजूला गेले की खरं बोलणाराच खोटा ठरू शकतो, हे गणित त्याने माझ्या ऑफिसातून घरी जाताना लोकलमध्ये केलं होतं. गणित बरोबर होतं, उत्तर चुकीचं होतं. "चर्चा झाली. उपस्थितांची नोंद नस्तीवर नाही. माझ्या स्मरणाप्रमाणे अमुक अमुक होते" एवढं म्हणाला असता तर लॉगबुक त्याच्याच बाजूने उभं राहिलं असतं.

म्हणून "आठवत नाही" हे उत्तर मला सावधपणाचं वाटतच नाही. सावध अधिकारी ते शक्यतो वापरत नाही. तो म्हणतो, "अभिलेख दाखवल्यास सांगू शकेन." ऐकणाऱ्याला ही टोलवाटोलवी वाटते, पण वर्षाला हजारो फायलींवर सही करणाऱ्या माणसाला सात वर्षांपूर्वीची एक सही खरोखरच आठवत नसते. कोळसा खाणवाटप प्रकरणातले माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांच्याबद्दल सेवेत असलेल्या अनेकांनी प्रामाणिकपणाची ग्वाही दिली होती. त्यांनी २०१६ मध्ये कोर्टात सांगितलं की वकील परवडत नाही, तुरुंगात जायला तयार आहे. पुढे त्यांना शिक्षाही झाली. तेव्हाच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात असं एक पोटकलम होतं की, स्वतः पैसा न खाता, निर्णयामुळे दुसऱ्याला सार्वजनिक हिताशिवाय फायदा झाला तरी अधिकारी गुन्हेगार ठरू शकत असे. २०१८ मध्ये ते काढलं. पण त्या दशकात सचिवपदावर असलेल्या प्रत्येकाने तो खटला वाचला आहे. तो वाचलेला माणूस "निर्णय कोणाचा होता?" या प्रश्नाला "समितीचा" असंच उत्तर देतो.

पोलिसांचं थोडं निराळं असतं. तपास चालू असला तर तपास अधिकाऱ्याला खरोखरच बोलायचं नसतं, आणि तिथे मी त्याच्या बाजूने आहे. खुल्या साक्षीने खटला कसा मोडतो याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणात लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ यांनी जुलै १९८७ मध्ये काँग्रेसच्या समित्यांपुढे गणवेशात, टीव्हीवर, ती आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही असं संरक्षण घेऊन साक्ष दिली. १९८९ मध्ये ते तीन आरोपांत दोषी ठरले. १९९० मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, कारण खटल्यातल्या साक्षीदारांवर त्या टीव्हीवरच्या साक्षीचा परिणाम झाला नव्हता हे पुरेसं तपासलं गेलं नव्हतं. देशाने सगळं ऐकलं आणि म्हणूनच शिक्षा टिकली नाही. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाचा तपास केलेले रॉबर्ट म्युलर २४ जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाच्या दोन समित्यांपुढे आले तेव्हा "ते माझ्या अहवालात आहे" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दोन दिवस आधी न्याय खात्याने त्यांना पत्राने कळवलं होतं की अहवालाच्या बाहेर जाऊ नका. लोकांना वाटलं म्हातारा थकला. थकलाही असेल, पण पत्र होतं.

आपल्याकडे संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समित्या बंद दाराआड साक्ष घेतात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीपुढे सचिव येतात, मंत्र्यांना बोलावत नाहीत. मी ऐकलं आहे ते असं की तिथे हेच सचिव बऱ्यापैकी सरळ बोलतात. कॅमेरा नाही, समोरचे आमदार उद्या त्यांच्याकडे कामं घेऊन येणार आहेत आणि प्रश्न बहुतेक महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालातल्या परिच्छेदावर असतो, म्हणजे पुन्हा कागदावर. पारदर्शकता हवी म्हणून सगळं खुलं करा असं म्हणणाऱ्यांना हे आवडणार नाही. मलाही पूर्ण आवडत नाही. पण खुल्या साक्षीत सत्य जास्त बाहेर येतं, असं माझा अनुभव सांगत नाही. खुल्या साक्षीत माणसाचा चेहरा बाहेर येतो, आणि तोही कधीकधी उपयोगी असतो.

क्रमाचाही प्रश्न असतो, जो बाहेरून दिसत नाही. १९८८ मध्ये दिल्लीत वकील आणि पोलीस यांच्यात झालेल्या चकमकीची चौकशी वाधवा समितीकडे गेली. किरण बेदी आणि आणखी एका पोलीस अधिकाऱ्याने आधी पिंजऱ्यात उभं राहायला नकार दिला. ज्याच्या प्रतिष्ठेला चौकशीतून धक्का पोहोचू शकतो त्याला चौकशी आयोग अधिनियमाच्या कलम ८-ब प्रमाणे बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही त्या वर्गातले आहोत, तेव्हा आमच्याविरुद्धचा पुरावा आधी येऊ द्या, मग आमची तपासणी करा. वर्तमानपत्रांतून सूर असा निघाला की बाई साक्ष टाळतायत. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. आपल्याविरुद्ध काय आहे हे कळायच्या आत बोलणं म्हणजे अंधारात पायऱ्या उतरणं. रेलिंग धरून उतरणाऱ्याला भित्रा म्हणू नये.

अलीकडचं चांदीवाल आयोगाचं प्रकरण याच्या पलीकडचं. मुंबईचे तेव्हाचे मावळते पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी २० मार्च २०२१ रोजी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर महिना शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप केला. देशमुखांनी तो नाकारला. निवृत्त न्यायमूर्ती चांदीवाल यांचा आयोग बसला. बोलावूनही हजर न राहिल्याबद्दल पत्रलेखकालाच दंड झाला, मग जामीनपात्र वॉरंट निघालं, आणि शेवटी त्यांच्याकडून सांगण्यात आलं की पत्रात आहे त्यापलीकडे देण्यासारखा पुरावा त्यांच्याकडे नाही. तोवर त्याच विषयावर सीबीआयचा तपास चालू होता आणि त्यांच्या स्वतःवरही गुन्हे दाखल झाले होते. पत्र लिहिताना माणूस एक असतो आणि उलटतपासणीला सामोरं जाताना दुसरा; पत्राला उलटतपासणी नसते. याला मी सावधपणा म्हणत नाही. सावध माणूस पत्र लिहिण्याआधी विचार करतो.

मग साक्ष ऐकताना वा वाचताना लपवणारा आणि जपून बोलणारा यांच्यात फरक कसा करायचा? माझा एक ठोकताळा आहे. जपून बोलणारा सगळ्याच प्रश्नांना सारखाच कंजूष असतो. स्वतःच्या फायद्याचं असलं तरी "फाईल बघून सांगतो" म्हणतो. लपवणारा सोयीच्या प्रश्नाला पाच वाक्यं बोलतो आणि गैरसोयीच्या प्रश्नाला त्याची स्मृती जाते. उत्तरांची लांबी मोजा, खरंच मोजा; साक्षीच्या नकलेत ते सरळ दिसतं. दुसरं, "मी" कुठे नाहीसा होतो ते पाहा. "मी तपासणी केली, मी त्रुटी काढल्या" आणि मग एकदम "प्रस्ताव मान्य करण्यात आला". आपल्या सरकारी मराठीला कर्मणी प्रयोगाची भारी आवड, त्यामुळे नुसतं त्यावरून पकडता येत नाही. पण कर्ता होता आणि मध्येच गेला, तर तिथे थांबा. मुंबईतल्या आदर्श गृहनिर्माण सोसायटी प्रकरणाच्या आयोगापुढे २०१२ मध्ये तीन माजी मुख्यमंत्री साक्षीला आले होते. फाईल कोणत्या खात्यातून आली याची चर्चाच त्यात जास्त झाली. फाईल येते, फाईल जाते, जणू तिला पाय आहेत.

आणि तिसरं, प्रश्न वाचा. आपण सगळे उत्तरांवर तुटून पडतो. साक्षीदार विचारलेल्याचंच उत्तर देतो, त्याला मीच तसं शिकवलेलं असतं. जे विचारलंच नाही त्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. कार्यकक्षा अरुंद ठेवली की अर्धे प्रश्न जन्मालाच येत नाहीत, आणि ती ठरवणारं सरकार पिंजऱ्यात कधी येत नाही.

फार वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी आयोगाचं कामकाज चालू होतं. कलेक्टर कचेरीतला एक अव्वल कारकून अभिलेख घेऊन साक्षीला आला, एसटीने, दोन रुमाल खांद्याला लावून. तांबड्या फडक्यात बांधलेली जुनी दप्तरं. समन्समध्ये "संबंधित सर्व कागदपत्रं" म्हटलं होतं, म्हणून दोन्ही आणली. आयोगाच्या वकिलांनी पहिला रुमाल सोडायला लावला, त्यातली चार पानं दाखल करून घेतली, दहा मिनिटांत तपासणी संपली. कोणाला उलटतपासणी घ्यायची आहे का, असं विचारलं गेलं. माझ्या अशिलाचा त्या कागदांशी संबंध नव्हता, मी नाही म्हटलं. बाकीच्यांनीही नाही म्हटलं. तो खाली उतरला, दुसऱ्या रुमालाची गाठ तशीच होती. माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाला, "साहेब, हा सोडायचा नाही का?" मी म्हटलं, "मागितला नाही ना? मग परत न्या." त्याने तो खांद्यावर टाकला आणि चारची गाडी पकडायला निघून गेला. त्यात काय होतं, मी विचारलं नाही.